आतड्यातली जागा कोणाची?

(सभेत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेवर 'पशुखाद्यातली प्रोबायोटिक्स' असा विषय वाचूनही आपण इतके जण रविवारची दुपार मोडून आलात, त्याबद्दल आधी आभार मानतो. शाकाहारी मंडळींनीही कृपया चहाकडे वळू नये. ज्या जंतूंबद्दल मी बोलणार आहे त्यांना आपल्या ताटातला भेद कळत नाही. २००६ साली कॅलिफोर्नियात पिकलेल्या पालकातून ई. कोलाय ओ१५७ हा जंतू पसरला आणि दोनशेच्या आसपास लोक आजारी पडले. तपासात त्याच वंशाचा जंतू शेताजवळच्या गुरांच्या शेणात सापडला. पालकाने काही गाय खाल्ली नव्हती.

कोंबडी, गाय, डुक्कर यांच्या आतड्यात काही जंतू सुखाने नांदतात. जनावराला त्यांचा फारसा त्रास नसतो, माणसाला मात्र ते आडवं करतात. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर आणि हा ओ१५७ ही त्यांतली नामांकित मंडळी. एकट्या साल्मोनेलामुळे अमेरिकेत वर्षाला साडेतेरा लाख लोक आजारी पडतात, साडेसव्वीस हजार रुग्णालयात जातात आणि ४२० मरतात, असा इथल्या रोग नियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. हे सगळे कोंबडीमुळे नव्हेत. अंडी, भाज्या, अगदी घरात पाळलेली कासवंही त्यात आली. पण कोंबडीचा वाटा मोठा आहे.

जंतू म्हटला की आपल्याला पहिला शब्द सुचतो 'मारणे'. धुवा, उकळा, क्लोरीन टाका, अँटिबायोटिक द्या. आज मला दुसऱ्या एका उपायाबद्दल बोलायचं आहे: त्याला राहायला जागाच मिळू द्यायची नाही. हा उपाय पन्नास वर्षं माहीत आहे, बऱ्यापैकी चालतो, फार महागही नाही. तरी तो जिथे सर्वांत जास्त हवा तिथे नीट वापरला गेला नाही. का, याचं उत्तर सूक्ष्मजीवशास्त्रापेक्षा अर्थकारणात जास्त आहे, म्हणूनच या मंचावर हा विषय घ्यावासा वाटला.

गोष्ट फिनलंडची आहे. १९७१ साली तिथल्या ब्रॉयलर कोंबड्यांमध्ये साल्मोनेला इन्फँटिस या जंतूची मोठी साथ आली. तो शिरला होता खाद्याच्या कच्च्या मालातून. एस्को नुर्मी आणि रंताला या शास्त्रज्ञांनी एका विसंगतीचा पाठपुरावा केला. मोठ्या कोंबडीच्या आतड्यात साल्मोनेला रुजवायचा तर तो भरमसाट पाजावा लागतो. एक दिवसाच्या पिलाला मात्र मोजके जंतूही पुरतात. असं का? त्यांचं म्हणणं असं की मोठ्या कोंबडीचं आतडं आधीच भरलेलं असतं. तिथे शेकडो प्रकारचे निरुपद्रवी जीवाणू ठाण मांडून बसलेले असतात, नव्याला बूड टेकायला जागा नसते. पिलाचं आतडं म्हणजे नुकतीच बांधून झालेली रिकामी चाळ. जो पहिला येईल तो खोली धरणार.

आता हे पिलू रिकामं का? आपल्यापैकी ज्यांचं बालपण गावाकडे गेलं त्यांनी उकिरड्यावर पिलं घेऊन फिरणारी कोंबडी पाहिली असेल. ती उकरते, पिलं टिपतात, आणि दाण्यांबरोबर आईच्या विष्ठेतले जीवाणूही पोटात जातात. आपल्याला ते घाण वाटतं. पिलाला तो वारसा मिळत असतो. कारखानदारी कुक्कुटपालनात अंडं आईपासून वेगळं होतं, धुरी देऊन स्वच्छ होतं, यंत्रात २१ दिवस उबतं, आणि पिलू बाहेर येतं तेव्हा आजूबाजूला हजारो भावंडं असतात, आई एकही नसते. अमेरिकेत वर्षाला नऊशे कोटींहून जास्त ब्रॉयलर वाढवले जातात. त्या सगळ्यांचा जन्म असा. आपण स्वच्छतेच्या नावाखाली वारसा तोडला, आणि मोकळ्या झालेल्या जागेत पहिला कोण घुसतो हे नशिबावर सोडून दिलं.

नुर्मी-रंताला यांनी केलं ते इतकं साधं की त्याचं हसू यावं. निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला मालमसाला त्यांनी पिलांना पाजला आणि मग साल्मोनेला दिला. पाजलेल्या पिलांपैकी बहुतेकांनी तो जंतू रुजूच दिला नाही. १९७३ साली हे काम 'नेचर'मध्ये आलं. फिनलंडमध्ये त्यावर आधारित तयार मिश्रण १९८७ पासून विकलं जाऊ लागलं.

हे जीवाणू करतात तरी काय? जागा अडवणं हा एक भाग. आतड्याच्या शेवटी कोंबडीला दोन लांबट पिशव्या असतात, तिथे ते अन्न आंबवतात आणि आम्लं तयार करतात. त्या वातावरणात साल्मोनेलाचं फावत नाही. काही जीवाणू शेजाऱ्याला मारक अशी प्रथिनं सोडतात. काही पिलाच्या प्रतिकारशक्तीला लवकर जागं करतात. यातलं नेमकं किती कशामुळे हे प्रत्येक मिश्रणात वेगळं असतं, आणि विक्रेता जेव्हा एका वाक्यात सगळं समजावून सांगतो तेव्हा पाकीट सांभाळावं.

'प्रोबायोटिक' शब्दाची एक गंमत सांगतो. दुकानात त्या नावाखाली दही, गोळ्या आणि छोट्या बाटल्या मिळतात, त्यामुळे तो माणसांच्या आहारशास्त्रातून आला असं वाटतं. आज आपण ज्या अर्थाने तो वापरतो त्या अर्थाकडे १९७४ साली पार्कर यांनी तो आणला, आणि ते लिहीत होते जनावरांच्या खाद्याबद्दल. म्हणजे हा शब्द गोठ्यातून स्वयंपाकघरात आलेला आहे.

अमेरिकेत काय झालं? इथल्या अन्न व औषध प्रशासनाची अडचण रास्त होती. कोंबडीच्या आतड्यातला अज्ञात काला पिलांना पाजायचा म्हणजे त्यात कुठला विषाणू असेल कोणास ठाऊक. त्यात काय आहे ते नावानिशी सांगा, असा आग्रह धरला गेला. टेक्ससमध्ये कॉलेज स्टेशन इथल्या कृषी खात्याच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं खपून २९ जीवाणूंचं ओळख पटवलेलं मिश्रण तयार केलं. मार्च १९९८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. 'प्रीएम्प्ट' हे त्याचं नाव. हॅचरीत पिलांच्या खोक्यावर ते फवारायचं. पिलं एकमेकांच्या पिसांवरचे थेंब टिपतात आणि औषध आपोआप पोटात जातं. वर्तमानपत्रांनी मोठं स्वागत केलं. काही वर्षांतच ते बाजारातून दिसेनासं झालं.

त्याचं एक कारण तांत्रिक आहे आणि ते ऐकून मला आजही चीड येते. त्या काळी बऱ्याच हॅचऱ्यांमध्ये अंड्याला किंवा एक दिवसाच्या पिलाला लसीबरोबर जेंटामायसिन टोचलं जाई. म्हणजे एका हाताने चांगले जीवाणू फवारायचे आणि दुसऱ्या हाताने ते मारायचं औषध द्यायचं. जाता जाता सांगतो, इथले ऑरगॅनिकचे नियम पिलाला आयुष्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होतात. पहिला दिवस मोकळा.

दुसरं कारण जास्त खोल आहे. साल्मोनेलामुळे बहुतेक वेळा कोंबडी आजारी पडत नाही, तिचं वजन घटत नाही. मग प्रत्येक पिलामागे चार पैसे का होईना, ते कोणी आणि का खर्च करायचे? फायदा होणार खाणाऱ्याला, खर्च करणार कंपनी.

हीच गाठ गुरांच्या बाबतीत आणखी स्पष्ट दिसते. १९९३ साली 'जॅक इन द बॉक्स' या साखळीच्या अर्धकच्च्या हॅम्बर्गरमधून ओ१५७ पसरला, सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. हा जंतू गुरांच्या गुदद्वारालगतच्या भागात राहतो. गाय ठणठणीत. शेण कातड्याला लागतं, कातडं काढताना मांसाला लागतं. मग २००० नंतर नेब्रास्का आणि टेक्ससमध्ये चाचण्या झाल्या. फीडलॉट, म्हणजे जिथे हजारो गुरं एका आवारात मका खाऊन लठ्ठ केली जातात तिथे, रोजच्या खुराकावर लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलसचा एक विशिष्ट वाण पाण्यातून शिंपडला. दर जनावरामागे दिवसाला साधारण एक अब्ज जीवाणू. शेणात ओ१५७ सापडणाऱ्या जनावरांचं प्रमाण चाचणीगणिक एक तृतीयांश ते निम्म्याने घटलं. निम्म्याने म्हणजे शून्य नव्हे हे खरं. पण कत्तलखान्याच्या दारात येणारा जंतूंचा बोजा निम्मा झाला तर पुढच्या धुण्यापुसण्यावर जो भार येतो तो केवढा हलका होतो, याचा विचार करा.

तो वाण विकला जातो, बरेच फीडलॉटवाले वापरतातही. बहुतेक जण वापरतात ते मात्र चाऱ्याचं मांसात रूपांतर जरा बरं होतं या आशेने. जंतू कमी होणं हा त्यात वरकड लाभ. ओ१५७ विरुद्धच्या लसीचंही तेच झालं. कॅनडात २००८ साली तिला मान्यता मिळाली आणि पुरेसं गिऱ्हाईक न मिळाल्याने पुढे तिचं उत्पादन थांबलं. जनावर आजारी नसताना मालकाने लस का टोचावी?

इथे कायद्याने हस्तक्षेप करायला हवा होता. १९९४ साली कृषी खात्याने खिम्यातला ओ१५७ 'भेसळ' म्हणून जाहीर केला. म्हणजे तो सापडला की माल विकता येत नाही. मांस उद्योगाने त्याविरुद्ध दावा लावला, तो हरला, आणि मग कत्तलखान्यांत वाफेच्या फवाऱ्यापासून आम्लाच्या धुलाईपर्यंत झपाट्याने सुधारणा झाल्या. कच्च्या कोंबडीतल्या साल्मोनेलाला मात्र ते बिरुद मिळालं नाही. त्याची मुळं १९७४ च्या एका निकालात आहेत. अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनने मागणी केली होती की मांसाच्या पाकिटावर इशारा छापा. न्यायालयाने ती नाकारली. कारण काय, तर अमेरिकन गृहिणी काही अडाणी नाहीत, त्यांना शिजवता येतं. वरवर बायकांचा गौरव, आणि जबाबदारीचं ओझं अलगद त्यांच्या ओट्यावर. स्त्रीमुक्तीवर इथे इतक्या चर्चा झाल्या आहेत, हा निकालही कधीतरी वाचायला घ्यावा.

पुढे २००१ साली साल्मोनेलाच्या चाचणीत वारंवार नापास झालेला टेक्ससमधला एक कारखाना कृषी खात्याला बंद करता आला नाही. न्यायालय म्हणालं, जंतू मांसाबरोबर बाहेरून आला, त्यावरून कारखाना अस्वच्छ ठरत नाही. आणि बाहेर, म्हणजे शेतावर, मांस तपासणाऱ्या त्या खात्याचा अधिकारच चालत नाही! कत्तलखाना शेताकडे बोट दाखवतो, शेतकरी हॅचरीकडे, हॅचरी अंड्याकडे, आणि सगळे मिळून तुमच्या कढईकडे. ऑगस्ट २०२४ मध्ये कच्च्या कोंबडीसाठी साल्मोनेलाची मर्यादा ठरवणारा आराखडा खात्याने मांडला होता. एप्रिल २०२५ मध्ये तो मागे घेतला गेला.

आणि ज्याला 'शेतकरी' म्हणतो त्याच्या हातात तरी काय असतं? अर्कान्सा-जॉर्जियातला कोंबडीवाला काय आणि पुणे-नाशिककडचा काय, करार पद्धत तीच. पिलू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, कर्ज आणि राबणं त्याचं. खाद्यात कुठला जीवाणू घालायचा हे त्याला विचारलं जात नाही.

दावे आणि लेबलांचा घोळही मजेशीर आहे. अमेरिकेत पिशवीवर 'हा जीवाणू साल्मोनेला कमी करतो' असं लिहिलंत की तो पदार्थ औषध ठरतो, आणि औषधाच्या परवान्याला वर्षं आणि लाखो डॉलर लागतात. मग कंपन्या काय करतात? तो मान्य यादीतला जीवाणू आहे एवढंच लिहितात आणि उरलेलं विक्रेता तोंडी सांगतो. त्यामुळे खरोखर चालणारा वाण आणि नुसता भुसा यांत फरक करायला ग्राहकाला आधारच राहत नाही. युरोपने २००३ च्या नियमात आतड्यातला समतोल राखणाऱ्या जीवाणूंसाठी वेगळा वर्ग केला आणि पुरावा मागितला. अमेरिकी संसदेत तशा धर्तीचं विधेयक २०२३ साली मांडलं गेलं. या बाबतीत मी युरोपच्या बाजूचा आहे. दावा करू द्या, पण सिद्ध करायला लावा. दाव्यालाच बंदी घातली की फावतं ते भोंदूंचं.

पुरावा का मागायचा याचं उदाहरण युरोपातलंच आहे. बॅसिलस कुळातले जीवाणू खाद्यासाठी सोयीचे, कारण ते बीजाणू तयार करतात. खाद्याच्या गोळ्या दाबून काढताना ८० अंशांच्या पुढे तापमान जातं, त्यात दह्यातले लॅक्टोबॅसिलस मरतात, हे बीजाणू टिकतात. असाच एक 'टोयोई' नावाचा वाण युरोपात अनेक वर्षं डुकरांना, कोंबड्यांना दिला जात होता. त्याच्यातच अँटिबायोटिकला न जुमानणारी जनुकं आहेत आणि तो विषारी द्रव्यंही बनवू शकतो असं निष्पन्न झालं, आणि २०१३ साली त्याची परवानगी स्थगित झाली. 'नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल?' हे वाक्य आपण आयुर्वेदाच्या संदर्भात ऐकतो तेव्हा कान टवकारतो, इथेही टवकारावेत.

अँटिबायोटिक्सचा उल्लेख आलाच आहे तर थोडं मागे जातो. १९५० च्या सुमारास लेडर्ले कंपनीत स्टोकस्टॅड आणि ज्यूक्स यांना दिसलं की ऑरिओमायसिन बनवून उरलेला चोथा खाऊ घातला की जनावरं भराभर वाढतात. तिथून ते खाद्यात आलं. १९६९ मध्येच ब्रिटनच्या स्वान समितीने धोक्याची घंटा वाजवली. स्वीडनने १९८६ साली वजनवाढीसाठीचा वापर बंद केला, संपूर्ण युरोपीय संघाने २००६ पासून, अमेरिकेने माणसांसाठी महत्त्वाच्या औषधांपुरता २०१७ पासून. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनला बंदी घातली. इतर सगळी औषधं हरली की आयसीयूतल्या रुग्णाला जे देतात ते कोलिस्टिन, आणि ते कोंबड्या गुबगुबीत करायला वापरलं जात होतं.

अँटिबायोटिक गेलं तिथे प्रोबायोटिकचा विक्रेता येऊन उभा राहिला. भारतातही आणि इथेही. मला त्याचा आनंद आहे, पण अर्धाच. कारण तो जुन्याच प्रश्नाचं नवं उत्तर विकतो आहे: वजन कसं वाढेल? साल्मोनेला किती कमी झाला हे त्याला कोणी विचारत नाही, म्हणून तो मोजत नाही. फिनलंडमध्ये हा उपाय शोभला तो एकटा नव्हता म्हणून. तिथे खाद्य तपासतात, कळप तपासतात, बाधित पैदाशीच्या कोंबड्या काढून टाकतात, आणि हे करावं लागतं कारण कायदा आहे. अंड्याच्या आतूनच साल्मोनेला आला असेल तर पिलावर कितीही चांगले जीवाणू फवारा, पाहुणा आधीच घरात आहे. गळक्या छपराखाली ठेवलेल्या बादलीला छपराची दुरुस्ती म्हणता येत नाही.

आता तो हमखास येणारा प्रश्न: मग कोंबडी कुठली आणायची? 'अँटिबायोटिकविना वाढवलेली' या लेबलाचा साल्मोनेलाशी काही संबंध नाही. शिवाय कृषी खात्यानेच असं लेबल लावलेल्या गुरांचे नमुने तपासले तेव्हा सुमारे २० टक्क्यांत अँटिबायोटिकचा अंश निघाला, हे २०२४ मध्ये जाहीर झालं आहे. तरी वापर कमी व्हावा म्हणून ते लेबल घेणाऱ्यांना मी अडवणार नाही, मीही घेतो. पण आपल्या घरांतली एक सवय सोडा. कोंबडी हळद लावून, तीन पाण्यांनी, नळाखाली खळखळून धुण्याची. त्याने जंतू जात नाहीत. ते सिंकभर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. थेट कढईत घाला, आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस, म्हणजे इथल्या थर्मामीटरवर १६५, होऊ द्या. बीफच्या खिम्याला ७१ चालतं. कोंबडीची पाटी वेगळी, कोशिंबिरीची वेगळी.

मला दिलेली चाळीस मिनिटं संपली आहेत. प्रश्न असतील तर विचारा, विशेषतः दूध आणि अंड्यांबद्दल, ते आज माझ्याकडून राहूनच गेलं.